दोन शेवंतीची फुलं

सुचित्राने चित्रापुढे शेवंतीची दोन फुलं ठेवली, डोळे मिटून हात जोडले आणि वळली, तर बोहदान सर दारात उभे होते. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या या फ्लॅटवर ती दर शनिवारी चित्रकला शिकायला येत असे. सर युक्रेनचे, साठी उलटलेले आणि हाडाचे वास्तववादी. समोर दिसतं तेवढंच रंगवायचं, हा त्यांचा एकच धडा. तिला रंगवायला ठेवलेल्या तांब्याला पोचा होता. तिने तो चित्रात हळूच बुजवला, तेव्हा त्यांनी अख्खा तांब्या पुसायला लावला होता. आज भिंतीला टेकवून ठेवलेलं हे चित्र मात्र तिने पहिल्यांदाच पाहिलं. लष्करी गणवेशातला एक तरुण, आणि चित्राच्या वरच्या कडेवरून दोन्ही बाजूंना सोडलेलं, लाल भरतकामाचं लांब पांढरं कापड. तसबिरीला असं काही घातलेलं दिसलं की आपल्या माणसाला दुसरं काय सुचणार? देवासाठी रुवीच्या बाजारातून घेतलेली फुलं पिशवीत होतीच.

"आंद्रीची काही बातमी आली का?" सर म्हणाले. हातातला ट्रे खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कोणी काही सांगितलेलं नाही, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात, मला ते कापड तसलंच काहीतरी वाटलं, सॉरी सर, व्हेरी सॉरी, असं ती एका दमात बोलून गेली. सर ट्रे खाली ठेवून स्टुलावर बसले. मग त्यांनी सावकाश सांगितलं. आंद्री त्यांचा मुलगा. आघाडीवर होता. कापड त्यांच्या बायकोने भरलेलं, पोरगा सुखरूप राहावा म्हणून घातलेलं. आणि त्यांच्या देशात दोन फुलं फक्त मयताला वाहतात. जिवंत माणसाला द्यायची तर एक, नाहीतर तीन. आंद्रीचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते.

सुचित्राने गुपचूप एक फूल उचलून घेतलं. आता तिला दिसलं की चित्रातला डावा हात रंगवलेलाच नाही, नुसती पेन्सिलची रेघ आहे. सर हिवाळ्यात युक्रेनला गेले होते, तेव्हा रजेवर आलेला आंद्री चित्रासाठी बसला होता. हात राहिला आणि रजा संपली. फोटोवरून तो पुरा करणं सरांना अवघड नव्हतं, पण ते हातच लावत नव्हते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने कावळ्याची गोष्ट काढली. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी कावळा शिवला होता. हा मोठा अपशकुन. म्हणून आईने साताऱ्याला मावशीकडे खोटीच तार केली, की पोरगं गेलं. मावशी रडत रडत एसटीने निघाली, आणि इथे पोरगं अंगणात खेळत होतं. असं कोणी खरंखुरं रडलं की मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते पुढच्या दाराला जातं. सांगता सांगता सुचित्राला स्वतःचीच लाज वाटली. एवढी एमबीए झालेली बाई, आणि परक्या माणसाला सांगते काय, तर कावळा.

सर हसले नाहीत. मावशी खरंच रडली का, एवढंच त्यांनी विचारलं. सुचित्राने मान डोलावली.

"तुम्ही रडला नाहीत," ते म्हणाले. "नुसते हात जोडलेत."

"मी त्याला ओळखत नव्हते, सर."

त्यांनी दुसरं स्टूल ओढून चित्रासमोर ठेवलं. "मग ओळखा. बसा इथे. नीट बघा त्याच्याकडे." थोडं थांबून म्हणाले, "मला रडता येत नाही. मी रडलो तर ते खरं होईल."

पण आता मला माहीत आहे की तो जिवंत आहे, असं ती म्हणायला गेली आणि अडखळली. तसं ते कोणालाच माहीत नव्हतं.

ती बसली. आंद्रीच्या भुवईत एक जुनी खोक होती. थंडीने कान लाल झाले होते. कॉलरचं वरचं बटण अर्धवटच लागलं होतं, पुण्याच्या होस्टेलवर असलेल्या तिच्या मुलाचं, सलीलचं असतं तसं. आधी तिला अवघडल्यासारखं झालं. मग तिला रडू फुटलं, आणि पदर नव्हता म्हणून तिने तळव्यांनीच तोंड झाकलं.

सर गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे झुकून ऐकत होते.

"मोठ्याने," ते म्हणाले. "अजून थोडं मोठ्याने."