प्रभावतीकाकीची माफी

बॅग खांद्याला अडकवून तौसिफ मागच्या दाराने निघाला, तर पायरीवर अब्बा! जुम्म्याची नमाज कधी न चुकवणारा माणूस आज मशिदीत गेलाच नव्हता. ‘जिहादला चल, घरात कुणाला सांगू नकोस,’ हे फोनवरचं बोलणं त्यांनी कालच ऐकलं होतं.

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, ट्रक विकावा लागला, तेव्हापासून पोरगा त्या फोनमध्येच राहायचा. फोनवर एक गोड आवाज रोज सांगायचा, शेजारपाजारचे हे सगळे आपले वैरी.

“जिहाद म्हणजे झटणं, बाळा,” अब्बा म्हणाले. “अम्मीला शेवटच्या दुखण्यात तू उचलून न्हाऊ घालायचास ना, तो जिहाद. बापाला चोरून माणसं मारायला नेणारा हा कोण दलाल?”

तौसिफने बॅगेचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला.

“बरं, जा. पण मी हजला निघालो तेव्हा घरोघर माफी मागितली होती. तू एकाच घरी माग. शेजारच्या प्रभावतीकाकीने माफ केलं, तर मी अडवणार नाही.”

हात्तिच्या, एवढंच! काकी तर जन्मभर त्याला माफच करत आली होती. तौसिफ कुंपण ओलांडून गेला.

काकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

“काकी, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर.”

काकीचा चेहरा उजळला. असं दारात येऊन कोण म्हणतं, हे तिला ठाऊक होतं. “अरे झिला! हजाक चललंस? एवढ्या तरण्या वयात?” लाल झालेले हात पदराला पुसत ती आत धावली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. “थंय माज्या ढोपरांसाठी पण दुवा माग हां.”

तौसिफने बरणी हातात घेतली. वैरी म्हणे! हिच्या हातची पेज पिऊन तो मोठा झाला होता. खरं सांगायला जीभ उचलेना.

“पण माफ केलंस ना?” त्याने कसंबसं विचारलं.

“नाय हां! आता माफी दिली तर तू परत कित्याक येतलंस? सुखरूप ये, मगे देतंय.”

अब्बा अजून पायरीवरच होते. तौसिफने बरणी त्यांच्यापुढे ठेवली, बॅग खाली टाकली आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“अब्बा, काकी माफ करीना.”

अब्बांनी त्याला जवळ ओढलं. “ठाऊक होतं मला. मलासुद्धा तिने मक्केहून परत आल्यावरच केलं होतं.”