सावकाश गं, राणी

"ही वीट आता संग्रहालयात देऊन टाक," ठोक्या म्हणाला. तो बँडचा ड्रमर. कोपऱ्यांना रबर लावलेला गायिकेचा जाडजूड लॅपटॉप त्याने टेबलावर ठेवला आणि मनगट चोळलं.

"मंचावरून पडूनही चालू राहिलाय तो," गायिका म्हणाली. "तू पडलास तेव्हा दोन आठवडे घरी लोळत होतास."

शेजारी तसलाच दुसरा लॅपटॉप होता. दोन्हींवर तीच गाणी, तीच रेकॉर्ड केलेली साथ. दोन्ही एकदम चालू करायचे. पहिला अडकला की ठोक्याने पायाखालचं बटण दाबायचं, म्हणजे आवाज दुसऱ्यातून येणार.

"यात सगळं आहे ना?" तिने पुन्हा विचारलं. "कानातलंसुद्धा?"

"आहे गं ताई. स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढ्या चौकशा केल्या नसशील."

तिने इयरफोन कानात नीट बसवला. दुपारचा कार्यक्रम होता, तरी सभागृह भरलं होतं. दिवे मंदावले.

"एक, दोन, तीन... सावकाश गं, राणी," आई कानात म्हणाली.

तिला हसू आलं. या जागी आई नेहमी हेच म्हणायची, कारण या जागी ती नेहमी घाई करायची. गाणं आईनेच शिकवलेलं. कुठे लेक घसरणार, हे आईला पाठ होतं. अंतऱ्याआधी आई हलकेच खोकली. "हं, आता श्वास घे." तिने घेतला.

तिसऱ्या गाण्यात आईचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला. साथही गेली.

ठोक्या वाजवत राहिला. लोकांना वाटलं, ही ड्रमची खास जागा असेल. कुणी टाळ्याही वाजवल्या. गाणं तिला झोपेतही आलं असतं. पण ती कानावर हात दाबून उभी राहिली, बाजारात हात सुटलेल्या लहान मुलीसारखी. ठोक्याने बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा जोरात दाबलं.

"...वरच्या सुरात जाताना घाबरू नकोस," आई म्हणाली. "मी आहे ना."

मग ती अशी गायली, की पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना डोलवणंही थांबवलं.

कार्यक्रम संपल्यावर ठोक्या वायरी गुंडाळत होता. "साथ गेली तर गेली. ड्रम होते, तुझा गळा होता. एवढी पांढरीफटक का पडलीस?"

"तुला नाही कळायचं."

"कळतं," तो मान वर न करता म्हणाला. "आणखी एक कॉपी करतो. माझ्या घरी ठेवतो."

दोन्ही लॅपटॉप खांद्याला अडकवून ती घरी पोचली, तेव्हा अजून ऊन होतं. दार मावशीने उघडलं.

"आई?"

"सकाळपासून खिडकीशीच बसलीय. जेवली नीट. शांत आहे आज."

ती आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "आई, आज घाई नाही केली मी. शेवटी लोक उभे राहिले गं."

आईने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिच्या कपाळावरची बट मागे सारायला हात उचलला, आणि संकोचून परत मांडीवर ठेवला.

"वा, छान!" आई म्हणाली. "गाता का तुम्ही?"