आत्याचा भोंगा

"वीज नसताना वाजतो का बघू," म्हणत आत्याने मेन स्विच बंद केला. "दाब बटण."

मी दाबलं. चोरांच्या भीतीने बसवलेला भोंगा जेमतेम कण्हला. आत्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून तर मी तिला पुण्याला न्यायला आलो होतो. पण ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कबुतरं निवांत दाणे टिपत होती.

"जागची हलली नाहीत मेली! बॅटरी गेली." स्टुलावर चढून तिने भोंग्यातली बॅटरी बदलली. "आता दाब."

भोंगा असा केकाटला की मी कानांवर हात ठेवले. समोरची गच्ची क्षणात रिकामी झाली.

"हं, पुण्याचं काय म्हणत होतास?"

मी 'काही नाही' अशी मान हलवली आणि तिला उतरवायला हात पुढे केला. तोवर ती उतरलीसुद्धा होती.