उतरलं, पण बसेना

"उतरलं का?" कटिंगच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मास्तरांनी बायकोला विचारलं.

"उतरलं."

"मग बसलं?"

"बसत नाही."

"पाहुणाच म्हणायचा हा. गाडीतून उतरलाय, पण बसायला तयार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर मुलीनं वापरून सोडलेला लॅपटॉप होता आणि शेजारी भरतकामाचं मशीन. मशीन जुनं विकत घेतलेलं, आणल्या दिवसापासून मुकं. कॉम्प्युटरमध्ये त्याचा प्रोग्रॅम बसवल्याशिवाय ते टाका घालणार नव्हतं. "इंटरनेटवरून उतरवून घ्या आणि बसवा, सोपं आहे," असं विकणारा म्हणाला होता. आज दुपारी तोच ते परत न्यायला येणार होता. मास्तरांनीच त्याला फोन केला होता.

"जाऊ दे ना ते," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं हातानं केलंसच की."

"हातानं होत असतं तर आणलं असतं का?"

मास्तरांनी पुन्हा कात्री चालवायला घेतली. बाईंची बोटं हल्ली सुई धरेनाशी झाली होती. टाका घालता घालता सुई कधी निसटायची ते त्यांना कळतही नसे. काल एका गिऱ्हाइकाला त्यांनी फ्रॉक तसाच परत दिला होता.

त्यांनी पुन्हा उतरवलेल्या फाईलवर दोनदा टिचकी मारली. एक खिडकी उघडली. आत बऱ्याच फायली होत्या. बसवायची कोणती ते मुलीनं सांगून ठेवलं होतं. तिच्यावर टिचकी मारली, की क्षणभर काहीतरी फिरायचं आणि मग तोच लाल फुलीचा निरोप यायचा. बाईंनी मुलीला फोन लावला.

"आई, मी ऑफिसात आहे गं," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "काय म्हणतंय?"

बाईंनी एकेक अक्षर लावत निरोप वाचून दाखवला.

"त्याला दुसरी फाईल सापडत नाहीये."

"अगं, सापडत नाही कसं? तिथंच शेजारी आहे. मला दिसतेय."

"आई, झिप आहे ती. झिप. साहेब आले, ठेवते."

फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

"झिप म्हणाली."

"म्हणजे?"

"चेन."

"कॉम्प्युटरला कुठली चेन?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं. फाईलचं चित्र म्हणजे एक पिवळं पाकीट होतं. पाकिटावर उभी बारीक चेन होती, वर तिची लोंबती कडी. इतके दिवस ते चित्र डोळ्यांपुढं होतं. गेल्या आठवड्यातच त्यांनी दोन पर्सना असल्या चेन लावल्या होत्या.

त्यांनी पडद्यावरच्या त्या कडीवर बोट टेकवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पिशवीची चेन उघडली आणि सामान बाहेर न काढता, आतल्या आतच हात घालून शिवायला घेतलं, तर काय होईल?"

"कोण येडा असं करेल?"

"मी. आठवडाभर तेच करतेय."

मास्तरांची कात्री थांबली.

बाईंनी माऊस धरला. खडूनं खूण करावी तशी सगळ्या फायलींभोवती एक चौकट ओढली. ती निळी झाली. मग सगळा गठ्ठा धरून हळूहळू खिडकीच्या बाहेर ओढत आणला. मुलगी त्या बाहेरच्या जागेला टेबल म्हणायची. एकदा मध्येच हातातून सुटला, त्यांनी परत धरला. सोडल्यावर सगळ्या फायली टेबलावर ओळीनं येऊन बसल्या.

"आता सामान बाहेर आलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्याच फाईलवर टिचकी मारली.

या वेळी लाल फुली आली नाही. एक हिरवी पट्टी आली आणि डावीकडून भरत निघाली. मास्तर मागं येऊन उभे राहिले. पट्टी अर्ध्यावर अडली. मग ती पुढं सरकली.

"बसला पाहुणा," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी मशीनची वायर जोडली, रिंगेत पांढरं कापड ताणलं, लाल रीळ चढवलं आणि पडद्यावरच्या फुलांतलं एक निवडलं. मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला. रिंग आपली आपण डावीकडं सरकली, सुई खाली गेली, आणि कापडावर पाकळीची कड उमटू लागली. टाके एकमेकांना लागून, दाट, एकसारखे. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

दाराशी विकणारा येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर दोरीचं भेंडोळं होतं.

"मास्तर, न्यायला आलोय. कुठून उचलू?"

"जरा उजेड सोडून उभे राहा," मास्तर त्याच्याकडं न बघता म्हणाले. "काम चाललंय."

तो बाजूला झाला. पहिली पाकळी भरली, मशीननं स्वतःच वळण घेतलं आणि दुसरी धरली. या मशीनला पायडल नव्हतं. तरी बाईंच्या खुर्चीला धरून उभ्या असलेल्या मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर एका लयीत वरखाली होत होता.