दिवसाला चाळीस डोळे

“ताई, दिवसाला किती डोळे भरता तुमी?” आरतीने वहीवरून मान वर न करताच विचारलं.

पुष्पावतीचा भाकरी थापणारा हात थांबला. परवापासूनचा हा कितवा प्रश्न होता कोण जाणे. हे काम कधीपासून करता, कोणाकडे शिकलात, मोसंबीशिवाय आणखी कशाची कलमं येतात. धाकट्या जावेला एकाएकी एवढा पुळका कुठून आला, हे पुष्पावतीला पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं. राहुरी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेला बाई हवी होती. कलमं करायची, नव्या बायांना शिकवायची, बाराही महिने पगार. बायोडाटा पाठवा, असं जाहिरातीत होतं. धाकट्या दिराच्या, करणच्या मोबाईलवर ती जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको वही घेऊन बसली.

आरतीकडे शेतीची पदविका होती. बेलापूरहून लग्न होऊन येताना ती फाइल छातीशी धरूनच आली होती. तिच्या हातून अजून एकही रोप लागलं नव्हतं. आणि पुष्पावती अठरा वर्षं दुसऱ्यांच्या बांधावर उकिडवी बसून जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूने खाच पाडत होती, त्यात मोसंबीचा डोळा बसवत होती, पट्टीने आवळत होती. हंगाम आला की बोलावणं, संपला की घरी. बायोडाटा नावाचा कागद या घरात पहिल्यांदाच लिहिला जात होता आणि तोही कालच्या पोरीचा.

शिंगणापुरातलं घर. दार नाही, नुसता पडदा, आणि तोही आरतीने उजेडासाठी वर खोचलेला. त्यामुळे चुलीपुढून सगळं दिसत होतं. सासऱ्यांनी आपली खुर्ची तिला दिली होती. सासू, बायडाबाई, तिच्यासाठी दुसऱ्यांदा चहा घेऊन गेली. “लिव्हनारीचं डोकं दुखतं,” म्हणाली. पुष्पावतीची कंबर दुखायची तेव्हा मात्र नेमकी साखर संपलेली असायची.

काल तर कहरच झाला. आरती बांधावर आली आणि पुष्पावतीच्या हातांचे फोटो काढत सुटली. चाकू धरलेला हात, पट्टी बांधणारा हात, मग अख्खी पुष्पावती. “कशाला गं?” विचारलं तर म्हणाली, “लागतील.” लागतीलच. हात माझे आणि नोकरी तुझी! पुष्पावतीला हेवा वाटत होता, सरळसरळ हेवा. तिच्या फाइलचा, तिच्या वळणदार अक्षराचा, सासऱ्यांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसण्याचासुद्धा.

“सांगा ना ताई. किती?”

“चाळीस,” पुष्पावती म्हणाली.

“चाळीसच? आन् शंभरातले फुटतात किती?”

“निम्मे. नशीब असलं तर.”

आरतीने क्षणभर पेन दातात धरलं, मग लिहून घेतलं. पुष्पावतीने भाकरी तव्यावर टाकली. ती दिवसाला पाचशे डोळे भरायची आणि शंभरातले पाचही वाया जात नसत, हे गावोगावच्या मोसंबीवाल्यांना ठाऊक होतं. रोपवाटिकेच्या मालकाला ते कोण सांगणार? चाळीस वाचून तो कागद बाजूला ठेवील. ठेवू दे. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिची भाकरी टम्म फुगली.

दुपारी आरती कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद छापून घेऊन आली. करण राहुरीला निघाला होता. चारच्या आत बायोडाटा पोचवायचा होता, म्हणून त्याने बाहेर गाडी चालूच ठेवली होती.

“ताई, इथं सही करा.”

“मी कशाला?”

“मग काय मी करू?” आरती हसली.

पुष्पावतीने कागद हातात घेतला. कोपऱ्यात तिचाच फोटो होता, बांधावरचा. खाली नाव: पुष्पावती सहादेव. शिक्षण: सातवी. अनुभव: अठरा वर्षे.

“आदी सांगितलं असतं तर तुमी लिहूच दिलं नसतं,” आरती म्हणाली. “मामांना ठाऊक हाय, आत्याबाईंनाबी. झाला का, झाला का, म्हनून चहा पाजून पाजून जीव खाल्ला माझा.”

“पन पदविका तर तुझी हाय.”

“मला कुठं डोळा भरता येतो? आमाला एकदाच शिकवला, तोबी फळ्यावर.”

पुष्पावतीची नजर खाली घसरली. दिवसाला डोळे: चाळीस. फुटवा: निम्मा.

“आकडे लई कमी वाटले मला,” आरती सांगत होती. “मामा म्हनले, वाढवून टाक. मी म्हनलं, न्हाई, ताईंनी सांगितले तेच टाकायचे. त्या कशाला खोटं सांगतील?”

बाहेर करणने हॉर्न दिला. कागद असाच गेला तर नोकरी गेली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला खुर्ची द्यायला निघालं होतं. आणि आकडा बदलायचा तर कारण द्यावं लागणार होतं, याच पोरीच्या तोंडावर. चुकून बोलले, असं तिच्या जिभेवर आलंही. पण चाळीस आणि पाचशेत कोणी चुकत नाही.

“चाळीस खोड,” ती म्हणाली. “पाचशे लिही. आन् निम्मे न्हाई, शंभरातले पंच्यान्नव.”

आरतीने दोन्ही आकडे खोडून नवे लिहिले. “मग सकाळी चाळीस का सांगितले, ताई?”

पुष्पावतीने पदराने हात पुसले, पेन घेतलं आणि मान खाली घालून सही केली.

“सकाळी मला वाटलं, बायोडाटा तुझा हाय.”