खोड आणि पाला

जिन्यात कपाट अडकलं होतं. खाली जावई, वर टेम्पोवाला.

"बाबा, हे कपाट आहे की झाड?" जावई धापा टाकत म्हणाला.

"झाड सोपं. त्याच्या फांद्या आधी उतरवता येतात," कामावरून परतलेला वनमजूर म्हणाला आणि अंग चोरून वर गेला.

कपाट आणि पलंग मुलीने न्यायचं ठरलेलंच होतं. बायको गेल्यावर त्याला एकट्याला एवढं सामान कशाला? पण खोलीत पाऊल टाकलं तर त्याचं पाऊलच वाजलं. फरशी पुसलेली. आरशाखालची फळी रिकामी. मुलगी एका काळ्या पिशवीचं तोंड बांधत होती.

"त्यात काय?"

"काही नाही, बाबा. कचरा."

"कसला?"

"आईच्या पिना, तुटका कंगवा, एकच मोजा, बटणांची डबी. तिने काही म्हणून टाकलं नाही. किलोभरसुद्धा भरणार नाही."

"ठेव ते."

"नाही ठेवणार. हे डोळ्यांसमोर असलं की तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. आरशात बघा, निम्मे झालात. आई गेली, आता तुम्हालाही घालवू का?"

तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. शर्टाला चिकटलेली पाइनची सुईसारखी पानं एकेक काढून तळहातावर ठेवू लागला.

"आज मोजणीसाठी एक झाड पाडलं," तो म्हणाला. "खोड, साल, फांद्या, पाला, सगळं वेगवेगळं तोललं. खोडापुढे पाला म्हणजे चिमूटभर."

"बाबा, विषय बदलू नका."

"मातीतून ओढून घेतलेला कस मात्र त्या पाल्यातच जास्त. म्हणून खोड न्यायचं आणि पाला तिथंच सारखा पसरून टाकायचा."

"आणि नाही टाकला तर?"

"वरच्या उतारावर नव्हता टाकला. तेव्हाच्या साहेबांना टापटीप फार. झाडं शेंड्यासकट ओढून नेली. रान असं साफ, की बघणारा वाहवा करायचा. मग तिथं नवी रोपं लावली."

"मेली?"

"मेली असती तर उपटून टाकली असती. पिवळी पडली आणि कमरेएवढीच राहिली. तू शाळेत होतीस तेव्हाची. अजून तेवढीच आहेत."

खालून जावयाची हाक आली. कपाट टेम्पोत चढलं होतं. मुलगी पिशवीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, शेवटी दातांनी सोडवावी लागली. तिने पिशवी फरशीवर उलटी केली. बटणं घरंगळत भिंतीपर्यंत गेली. कंगव्यात दोन-चार पांढरे केस अडकलेले होते.

तो खाली बसला. ती सगळं हाताने एका जागी गोळा करायला लागली, तसा त्याने तिचा हात धरला.

"ढीग नको करूस," तो म्हणाला. "सारखं पसर."