ताठ बसायची खुर्ची

निजामाच्या राज्यातली, भोकरदनकडची एक कचेरी. सगळे कारकून गादीवर मांडी घालून बुटक्या डेस्कावर लिहायचे. नवा कारकून इंद्रभान म्हणाला, "बद्रीनाथकाका, तुमची पिढी वाकण्यातच गेली. मी खुर्चीवर ताठ बसणार."

हट्टानं त्यानं खुर्ची मिळवली. डेस्क मात्र तोच, बुटका. लिहिता लिहिता दुपारपर्यंत त्याचं नाक गुडघ्याला लागलं.

"काय इंद्रभान, ताठ बसून राह्यलास न्हाई का?" काका गादीवर ऐसपैस टेकून खुदखुदले. "आपल्याला तर बाबा मरेस्तोवर ही गादीच बरी."

तेवढ्यात साहेब दारात आले. समोर कमरेतून दुमडलेला इंद्रभान पाहून खूश झाले.


"वा, किती अदब. उद्यापासून सगळ्यांना खुर्च्या द्या. टेबल बिलकुल नको."